रत्नागिरीला नेण्याआधी आणि आणल्यानंतर

पूर्णगडची माणसं बाजारहाटाला पावसला जातात आणि मोठ्या दुखण्याला रत्नागिरीला. अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचं. त्याच रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, १८८६ सालचं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातली चार जुनी सरकारी मनोरुग्णालयं. ज्या उपचारासाठी इतर जिल्ह्यांतले लोक रात्रभर एसटीत बसून येतात, तो मुचकुंदीच्या मुखावरच्या या गावाला तासाभरावर आहे. तरीही माणूस तिथे पोचतो तो बहुतेक वेळा फार उशिरा, चौघांनी धरून रिक्षात घातलेला. बरा होऊन परत येतो तेव्हा त्याच्याशी काय बोलायचं हे वाडीत कुणाला सुचत नाही. मग एक तर सगळे त्याला टाळतात, नाही तर पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी म्हणतं, "चल, आता बरा झालास ना, थोडी घे."

मधला भाग डॉक्टरांचा. त्यात गावाने लुडबुड करू नये. आधी ओळखणं आणि नंतर सांभाळणं मात्र कुठलाही डॉक्टर रत्नागिरीत बसून करू शकत नाही. हा लेख त्या दोन टोकांबद्दल आहे. पूर्णगड डोळ्यांसमोर ठेवून लिहिला असला तरी खाडीपलीकडच्या गावखडीला किंवा किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावाला तो लागू पडेल.

व्यसन आणि मनाचा आजार एकत्र घेण्याचं कारण साधं आहे. घरात ते एकत्रच नांदतात. झोप लागत नाही म्हणून पिणारा आणि पितो म्हणून झोप न लागणारा, हे पुष्कळदा एकाच पडवीत भेटतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मनोविकारांना मानसिक आजाराच्या व्याख्येतच बसवलं आहे.

सभेने सुरुवात करू नका

गावाने काही करायचं ठरवलं की पहिला विचार येतो ग्रामसभेचा. फलक लागतो, पाहुणे येतात, व्यसनमुक्तीची शपथ होते. ज्याच्यासाठी हे चाललेलं असतं तो एक तर येत नाही, किंवा शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसतो आणि घरी जाताना दोन पेग जास्त मारतो. देवळात नारळ ठेवून घेतलेल्या शपथेचंही तसंच. शपथेने काहींचं सुटतं, नाही असं नाही. पण रोज सकाळी उठल्याबरोबर ज्याला लागते, त्याच्या शरीराला शपथ कळत नाही. ती मोडली की दारूच्या जोडीला देवाचा धाकही डोक्यावर बसतो आणि तो माणूस अधिकच दडून प्यायला लागतो.

सुरुवातीला चार-पाच माणसं पुरतात. एक आशाताई, कारण तिला कुठल्याही घरात शिरता येतं. बचत गटातली एक अशी बाई, जिच्या पोटात गोष्ट राहते. एखादा तांडेल किंवा बोटीचा मालक, कारण खलाशाच्या हातात पैसा कधी पडतो हे त्यालाच ठाऊक. आणि शक्य असेल तर दारू सोडून वर्ष-दोन वर्षं झालेला एक माणूस. वाडी आणि मोहल्ला दोन्हीकडचं कुणीतरी हवं. पुढारी शक्यतो नको. तो वाईट असतो म्हणून नव्हे, तर त्याच्या येण्याजाण्यावर गावाचं लक्ष असतं म्हणून. तो ज्याच्या अंगणात गेला त्याचं नाव संध्याकाळपर्यंत नाक्यावर पोचतं.

दारू सोडलेला माणूस या गटात का हवा, याचं उत्तर पुण्याच्या मुक्तांगणने महाराष्ट्राला कधीच देऊन ठेवलं आहे. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात ते व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथले कित्येक समुपदेशक स्वतः कधीकाळी तिथेच दाखल झालेले रुग्ण आहेत. समोरच्याने "माझं काही एवढं नाही, मी मनात आणलं की सोडेन" असं म्हटलं की त्यांना हसू येतं, कारण हेच वाक्य त्यांनीही म्हटलेलं असतं. मुक्तांगणची दुसरी मोठी गोष्ट म्हणजे 'सहचरी', व्यसनी माणसांच्या बायकांचा गट. नवरा उपचाराला तयार होवो न होवो, बायको आपली येऊन बसते. पूर्णगडात हे काम उद्यापासून सुरू करता येईल. त्याला इमारत लागत नाही. आठवड्यातली एक दुपार, एक पडवी, आणि तिथे बोललेलं बाहेर न्यायचं नाही एवढा एक नियम.

"आम्ही शिकलेसवरलेले नाही, आम्हाला काय जमणार?" हा प्रश्न येईलच. आपल्या शेजारच्या गोव्यात 'संगत' या संस्थेने नेमकं हेच तपासून पाहिलं. मनोविकाराचं कुठलंही शिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना तयार करून त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी बोलायला बसवलं, फार तर चार बैठका. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांनी, ज्यांच्याशी असं बोलणं झालं त्यांच्यापैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. आकडा डोळे दिपवणारा नाही, पण चार बैठकांत शंभरातली दहा माणसं जास्त सावरतात, हे थोडकं नव्हे. तिकडे झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्याबाहेरच्या बाकांवर त्याच वस्तीतल्या आज्यांना बसवलं. आज्या ऐकतात, आणि समोरच्याला एका वेळी एकच प्रश्न सोडवायला लावतात. आपल्याकडे आज्यांची वाण नाही. पण ऐकून घेण्याआधी उपदेश करायची सवय तेवढी त्यांना मोडावी लागेल.

एकदम सोडायला लावू नका

पुढचा मजकूर पुन्हा एकदा वाचा आणि घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्यांनी अचानक तोडली, कोंडून ठेवलं, बाटल्या फोडल्या, तर तो मरू शकतो. शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत हात थरथरू लागतात. चहाचा कप बशीवर वाजतो, तो दोन्ही हातांनी धरावा लागतो. घाम सुटतो, ओकाऱ्या होतात. बहुधा पहिल्या दोन दिवसांतच फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे चालताना दिसतात, अंथरुणावरून काहीतरी झटकत बसतात, मेलेल्या माणसाशी बोलतात, मुलाबाळांना ओळखत नाहीत. कोकणातल्या घराला यावर एकच गोष्ट सुचते, बाहेरची बाधा. मग भगत, कौल, गाऱ्हाणं यात दोन दिवस जातात आणि तेच दोन दिवस जिवावरचे असतात. देवाला गाऱ्हाणं जरूर घाला. पण आधी रुग्णवाहिकेच्या १०८ ला फोन करा आणि वाट पाहत असताना घाला.

हाच प्रकार समुद्रावर होतो तेव्हा त्याचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नसतं. रोज पिणारा खलाशी चार-पाच दिवसांच्या फेरीवर जातो, जवळचं पहिल्या रात्रीच संपतं, आणि तिसऱ्या रात्री तो पाण्यात कुणीतरी हाक मारतंय म्हणून काठाकडे धावतो. तांडेलाने हे लक्षात ठेवावं. अशा माणसाला एकटा सोडू नये, काठापासून दूर बसवावं, वायरलेसवर कळवावं आणि बोट मागे वळवावी. मासळीचं नुकसान होतं, हे खरं.

दवाखान्यात नेल्यावर "हा रोज पितो, शेवटची काल रात्री घेतली" हे पहिल्या वाक्यात सांगा. लाजेपोटी "जेवण जात नाही, अशक्तपणा आहे" एवढंच सांगितलं की ग्लुकोजचं सलाईन लागतं. पिणाऱ्याच्या अंगात थायमिन हे जीवनसत्त्व फार कमी असतं. ते न देता आधी ग्लुकोज दिलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डॉक्टरला हे माहीत असतं. त्याला फक्त दारूचं माहीत नसतं.

अजून एक. 'न कळत दारू सोडवा' अशी पूड भाजीत, चहात कालवायला देणारे भेटतात. दारू सोडवायचं डायसल्फिरम हे औषध खरंच आहे, पण रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचं. ते पोटात असताना माणूस प्याला तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. जेवणात चोरून काही घालणारी बायको नवऱ्याच्या काळजीनेच घालत असते, म्हणून तिला रागावू नका. पण ती पूड तिच्याकडून मागून घ्या.

बोलायचं कधी? सकाळी. तो शुद्धीवर असताना, एकटा असताना, शक्यतो जाळं विणत किंवा काही काम करत असताना, म्हणजे डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही. "तू दारुडा झालायस" याने काही होत नाही. "परवा पोरीच्या शाळेत गेला नाहीस, ती दारात उभी होती" याने कदाचित होतं. दिसलेली गोष्ट सांगा, त्याच्या स्वभावावर शेरा मारू नका. तो चिडला तर उठून या आणि आठवड्याने पुन्हा जा. तयारी दाखवली, तर त्याच आठवड्यात कोण बरोबर जाणार, कुठल्या गाडीने, केसपेपर कोण काढणार हे ठरवून टाका. तयारी फार दिवस टिकत नाही. १४४४६ हा नशामुक्तीचा सरकारी हेल्पलाइन क्रमांक आहे, तो फोनमध्ये आधीच साठवून ठेवावा.

न पिणाऱ्यांचं काय

गावातलं प्रत्येक दुखणं बाटलीतून येत नाही. नवरा मुंबईला, सासू अंथरुणावर, आणि वयनी गेले दोन महिने चूल पेटवते पण स्वतः जेवत नाही. मुलं शहरात, सहा खोल्यांच्या घरात म्हातारा-म्हातारी दोघंच, आणि म्हातारी गेल्यावर म्हाताऱ्याने अंगणातल्या तुळशीला पाणी घालणंही सोडलंय. यांना नाक्यावर कुणी पाहत नाही, म्हणून यांच्याबद्दल चर्चाही होत नाही.

आशाताई तीस वर्षांवरील माणसांचा जो तपासणी फॉर्म भरते, त्यात मनाबद्दलचे दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस किंवा आनंद वाटत नाही असं किती वेळा झालं? आणि उदास, हताश वाटणं किती वेळा झालं? फॉर्म भरायच्या घाईत हे प्रश्न वाचून टाकले जातात. ते वाचायचे नसतात, बसून विचारायचे असतात. 'बहुतेक रोज' असं उत्तर आलं तर त्या व्यक्तीला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, किंवा १४४१६ लावून फोन तिच्या हातात द्या. हा 'टेली मानस'चा नंबर. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलते. बोटींवर आणि आंब्याच्या बागांत राबणाऱ्या नेपाळी माणसांनाही हा नंबर द्या. हिंदीतून बोलता येतं. घरापासून इतक्या लांब आलेल्या या माणसांना गावातलं कुणी "झोप लागते का रे?" असं विचारत नाही.

जीव द्यायच्या गोष्टी कुणी बोलू लागलं, तर "तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?" असं सरळ विचारा. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरतात ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्याने माणूस बोलता होतो. होकार आला तर त्या रात्री त्याला एकटं ठेवू नका. आणि घरातली औषधं हलवा. हापूसच्या फवारणीची कीटकनाशकं आपल्याकडे पडवीत, कोनाड्यात, कधी गोडेतेलाच्या डब्याशेजारी ठेवलेली असतात. जीव द्यायची ऊर्मी बहुतेकदा थोडा वेळच टिकते, आणि तेवढ्या वेळात हाताशी काय आहे यावर पुष्कळ काही ठरतं. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि पुढच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सत्तर टक्क्यांहून अधिक उतरलं. देशाची बंदी आपल्या हातात नसली, तरी वाडीत बागायतदारांनी मिळून एक कुलूपबंद पेटी करणं आपल्या हातात आहे. कुणी प्रयत्न केलाच, तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७ च्या कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा होत नाही.

कायदा, बाटली आणि पोलीस

कायद्यातल्या आणखी दोन-तीन गोष्टी उपयोगाच्या आहेत. आजारी माणसाला साखळीने बांधून ठेवायला मनाई आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. व्यसनमुक्ती केंद्रांनाही राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. म्हणून कुठल्याही खाजगी केंद्रात पैसे भरण्याआधी नोंदणीचं प्रमाणपत्र पाहा, डॉक्टर कधी येतात ते विचारा, आणि घरच्यांना भेटू देत नसतील तर पाय मागे घ्या. रस्त्यावर भरकटणारा मनोरुग्ण दिसला तर पूर्णगड सागरी पोलीस ठाण्याला कळवा. त्याला संरक्षण देऊन दवाखान्यापर्यंत पोचवणं हे पोलिसांचं काम आहे, कोठडीत ठेवणं नव्हे. गर्दच्या नादी लागलेल्या पोराला घरच्यांनी पोलिसांच्या भीतीने लपवू नये. जवळ अगदी थोडा माल सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य उपचाराला गेला, तर अमली पदार्थविरोधी कायद्यातच त्याला खटल्यापासून सूट देणारी तरतूद आहे. पोलिसांना नाव द्यायचंच असेल तर विकणाऱ्याचं द्या.

दुकान बंद करायचं का? महाराष्ट्रात त्याची वाट आहे, आडव्या बाटलीची. गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान होतं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी बाटली आडवी केली की परवाना जातो. जमत असेल तर जरूर करा. बायकांनी मिळून काही जिंकणं याची चव वेगळीच असते. पण त्यावर सगळी ताकद खर्च करू नये, असं माझं मत आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि तरीही २०१६ पासून तिथे 'मुक्तिपथ' या व्यसनमुक्तीच्या उपक्रमाला गावोगाव समित्या आणि तालुक्यांत उपचाराचे दवाखाने उभे करावे लागले. आपल्याकडे तर हातभट्टी आहे, आणि गोव्याची बाटली कुठल्याही पिशवीतून येते.

परत आल्यावर

पहिले तीन महिने नाजूक. या काळात गटातलं एक जण, एकच, रोज दोन मिनिटं त्याला भेटेल. "घेतली नाहीस ना?" हे विचारायला नव्हे. "उद्या येतोस का रापणीला?" एवढं पुरे. त्याच्या तोंडाचा वास घेणारे घरात पुष्कळ असतात.

गोळ्या चालू असतील तर त्या बरं वाटल्यावर बंद करायच्या नसतात, डॉक्टरने सांगितल्यावर करायच्या असतात. गोळ्यांनी गुंगी येत असेल तर बोटीवर जायचं की नाही हे डॉक्टरला विचारा, आणि त्याची हरकत नसेल तर तांडेलाला सांगून ठेवा. लिथियम चालू असलेल्याने उन्हात पाणी कमी पडू देऊ नये. अंगातलं पाणी घटलं की त्या औषधाचं विष होऊ शकतं. गर्द सोडून आलेल्याला एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगा. मध्ये खंड पडल्यावर पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर ती जीव घेऊ शकते.

बाकी धोका पंचांगात लिहिलेला असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, हातात वेळ आणि जवळ मागच्या हंगामाचा हिशेब. नंतर नव्या हंगामाची उचल मिळते. बोटीच्या मालकाने ही उचल रोख न देता घराच्या खात्यात टाकली, तर अर्धं व्यसनमुक्ती केंद्र त्याने एकट्याने चालवल्यासारखं आहे. मात्र आधी त्या खलाशाला विचारून, नाही तर तो दुसऱ्या बोटीवर जाईल. मग गणपती. चाकरमानी येतात आणि भावासाठी प्रेमाने बाटली आणतात. गावाच्या मुंबई मंडळाने जुलैतच आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सरसकट निरोप टाकावा: या वर्षी भेट म्हणून बाटली नको. नाव कुणाचंही घेऊ नये. तरी एखादा घेऊन येतोच. तेव्हा वयनीने काय म्हणायचं तेही ठरवून ठेवा. "भावोजी, ती तुमच्या बॅगेतच राहू दे, यांना डॉक्टरने सांगितलंय" हे भांडण न होता बोलता येतं. शिमग्यात पालखी रात्र-रात्र फिरते. नव्याने सोडलेल्याला त्या रात्री घरी कोंडू नका, पण त्याच्या सोबतीला न पिणारा एक द्या, आणि बाराच्या आत दोघांना घरी पाठवा.

तरी तो पुन्हा पितो. पुष्कळ जण पितात. तेव्हा "सगळं पाण्यात गेलं" म्हणायचं नाही. चार महिने न पिता काढलेले असतील तर ते त्याच्या खात्यावर आहेतच. दुसऱ्याच दिवशी, सकाळी, ठरलेल्या माणसाने जायचं, आधी काय झालं होतं ते विचारायचं आणि पुढच्या गाडीने रत्नागिरी गाठायची.

राहता राहिला पैसा. सरकारी रुग्णालयात उपचाराचा खर्च फार नसतो. खर्च होतो तो जाण्यायेण्याचा आणि बुडलेल्या मजुरीचा, आणि त्यापायीच दुसरी-तिसरी फेरी चुकते. मुंबई मंडळ सभामंडपाला वर्गणी काढतंच. त्यातले थोडे पैसे बाजूला काढून आशाताई आणि बचत गटातली ती बाई अशा दोघींच्या नावे ठेवावेत. वहीत तारीख, रक्कम आणि 'प्रवासखर्च' एवढंच लिहावं. कुणासाठी, हे लिहू नये, आणि वार्षिक सभेत कुणी विचारलं तरी सांगू नये.